बोलण्याचे मार्क

सोनईच्या अलीकडच्या एका कॉलेजात माधुरी साळवे इंग्रजी शिकवतात. बारावीला इंग्रजीत भरघोस मार्क घेऊन आलेल्या मुलांना वर्गात एक वाक्य बोलताना घाम फुटायचा, आणि काठावर पास झालेला एखादा मुलगा उतारा वाचून नेमका अर्थ सांगायचा. म्हणून मॅडमनी स्वतःच एक चाचणी तयार करायला घेतली. कोणाचं कुठं अडतं ते समजावं आणि त्याप्रमाणे जादा तास घ्यावेत, एवढाच त्यांचा हेतू होता.

आधी त्यांनी ती थोड्या मुलांवर करून पाहिली. ऐकण्याच्या भागात विमानतळावरची घोषणा होती. चांगली मुलंही तिथं चुकली. विचारल्यावर कळलं की शब्द सगळे समजले होते, पण बोर्डिंग पास घेऊन पुढं काय करतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मॅडमनी तो प्रश्न काढून एसटी स्टँडवरची चौकशी घातली.

बोलण्याचा भाग मात्र काही केल्या सुधरेना. मुलाचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचे; तेच रेकॉर्डिंग ऐकून मॅडम चांगले मार्क द्यायच्या, तर त्यांचे सहकारी पंकज सर जेमतेम पास करायचे. दोघांचं जुळत नाही तोवर हे मार्क कुठंच धरायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं.

शेवटच्या वर्षाचा अजिनाथ लिहिण्यात सगळ्यांच्या पुढं होता. बोलायची वेळ आली तसा तो समोरच्या मोबाईलकडं बघत गप्प बसला. बाहेर आल्यावर मॅडमना म्हणाला, "प्रश्न समजला हुता, मॅडम. उत्तरबी आलं हुतं. पन तोंडच उघडंना."

"असू दे रे. याचे मार्क धरायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या.

त्याच महिन्यात एका दूध कंपनीचे लोक नोकरीच्या मुलाखतींसाठी येणार असल्याचं पत्र आलं. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं.

"तुमची चाचणी कामाला आली बघा. जे पास आहेत तेवढेच मुलाखतीला पाठवू."

"सर, ती त्यासाठी नाही. कोणाला काय शिकवायचं, एवढंच त्यातून कळतं. आणि बोलण्याचा भाग अजून कच्चा आहे. आमच्या दोघांचेच मार्क जुळत नाहीत."

"मग सरासरी काढा."

"दोन चुकीच्या आकड्यांची सरासरी बरोबर कशी येईल, सर?"

प्राचार्य हसले. "मॅडम, कंपनीला एक आकडा लागतो. संस्थेनं मंजूर केलंय. आता माझ्याही हातात काही नाही."

मॅडमनी लेखी अर्ज दिला, संस्थेच्या सचिवांना फोन केला. "बघू," ते म्हणाले. शेवटी बोलण्याचे मार्कही धरून निवडलेली नावं बोर्डावर लागली. त्यात अजिनाथ नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी चहाच्या वेळी मॅडमनी कंपनीच्या साहेबांना गाठलंच. या कामाला इंग्रजी कितपत लागतं, असं विचारलं.

"रिपोर्ट वाचता-लिहिता आला की झालं," साहेब म्हणाले. "बाकी दिवसभर दूधवाल्या शेतकऱ्यांशीच बोलायचं. ते मराठीतच."

"मग माझा एक विद्यार्थी बाहेर उभा आहे. त्याला पाच मिनिटं भेटता का?"

साहेबांना अवघडल्यासारखं झालं. "कॉलेजनं पाठवलेलीच नावं घ्यायची असं वरून आहे, मॅडम. एकाला घेतलं तर बाकीचेही येतील."

मॅडम बाहेर आल्या. अजिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून लिंबाखाली उभा होता. त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"चाचणी मीच तयार केली रे," त्या म्हणाल्या.

"तुमी काय करनार, मॅडम," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली चाचपत निघाला. जादा तासांना तो पुन्हा आला नाही.

पुढच्या जूनमध्ये संस्थेनं ती चाचणी आपल्या सगळ्या कॉलेजांत लागू केली. मॅडमनी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं: या मार्कांवरून कोणाचीही निवड करू नये. छापून आलेल्या प्रतीत ते वाक्य नव्हतं. त्यांनी ऑफिसात चौकशी केली. क्लार्क म्हणाला, "जागा पुरत नव्हती, मॅडम. वर लोगो टाकायचा होता."