चोथ्याची बिस्किटं

राहात्याजवळच्या एका कारखान्यात पेरूचा गर काढला की मागं सालींचा आणि बियांचा ढीग उरतो. हा चोथा टेम्पोत भरून गोठ्यागोठ्यांवर पोचवायचं काम मेहताब बावीस वर्षं करत होता. वजन सत्त्याण्णव किलो. टेम्पोच्या फाळक्यावर चढतानाही त्याला धाप लागायची. डॉक्टरांनी साखर वाढत चालल्याचं सांगून वजन उतरवायची ताकीद दिली होती.

त्याच सुमारास नगरच्या एका कॉलेजातली दिशा चोथा मागायला आली. सावेडीत राहणारी ही पोरगी चोथा धुऊन, वाळवून, दळून त्याची बिस्किटं करणार होती आणि जाड माणसांना बारा आठवडे खायला देऊन काय होतं ते बघणार होती. मेहताबनं आपलंही नाव दिलं, पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट काही केल्या बसेना.

"बेटा, हेच खाऊन म्हशी गुबगुबीत होतात. मग मी बारीक कसा होणार?"

म्हशीला चोथा पचतो, माणसाला पचत नाही, त्यामुळं पोट भरल्यासारखं राहत असावं, असं ती म्हणाली. "असावं म्हणतेय, चाचा. खरं काय तेच तर बघायचंय." निम्म्या लोकांना साधीच बिस्किटं मिळतील आणि कुणाला कोणती ते शेवटपर्यंत कळणार नाही, हेही तिनं समजावून सांगितलं. मेहताबनं मान डोलावून सही केली. चोथा आपणच पोचवतो म्हटल्यावर आपल्याला साधी कशाला देतील, असं त्यानं मनाशी धरून टाकलं.

रोज चार बिस्किटं, आणि दिवसभरात जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचं. लिहायचं काम बायकोनं, राबियानं घेतलं. दर सोमवारी दिशाचा फोन यायचा. बारा आठवड्यांनी काटा ब्याण्णववर आला. पँट कमरेतून घसरायला लागली. मेहताब ज्याला त्याला चोथ्याचे गुण सांगत सुटला.

चांगुणाबाईनं ते मनावर घेतलं. पाच म्हशींचा गोठा सांभाळणारी ही बाई गुडघ्यांनी बेजार होती, त्यात वजन जास्त. म्हशींसाठी टाकलेल्या चोथ्यातलाच पाटीभर चोथा पत्र्यावर वाळवून ती भाकरीच्या पिठात मिसळू लागली.

पुढं कॉलेजात सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. कुणाला कोणती बिस्किटं दिली ते लिहिलेल्या बंद पाकिटांतलं मेहताबचं पाकीट दिशानं उघडलं.

"चाचा, तुमची बिस्किटं साधी होती. गव्हाची."

मेहताबला आधी वाटलं, पाकिटं बदलली असतील. दिशानं पुन्हा तपासून दाखवलं. मग पाच किलो गेले कुठं? कदाचित लिहावं लागतं म्हणून वडापाव सुटला असेल, ती म्हणाली, पण खात्रीनं सांगता येत नाही. चोथ्याची बिस्किटं खाणाऱ्यांना भूक थोडी कमी लागली होती, जेवणानंतरची साखरही जरा कमी चढली होती, वजनात मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे चोथा चांगला की वाईट, हे काही मेहताबला उलगडलं नाही. एसटीत बसून तो राहात्यापर्यंत तेच घोळवत राहिला.

दुसऱ्या दिवशी गोठ्यावर गेला तर चांगुणाबाई खाटेवर आडवी. तीन दिवस पोटात कळा येत होत्या. काय खाल्लं ते मेहताबला तिच्याकडून कळलं. तिला टेम्पोत घालून त्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावली. नीट न वाळलेल्या, बुरशी धरलेल्या चोथ्यानंच झालं असेल, पण ठाम सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"माझी चूक झाली, बाई," मेहताब खाटेशी बसून म्हणाला. "मला तर चोथा दिलाच नव्हता. मला कळलंच नाही."

चांगुणाबाईला आधी काही समजेना. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं.

"मंग तुमी बारीक कशानं झाले, मेहताबभाई?"

"ते बी कळंना."

चांगुणाबाई दोन दिवसांत घरी आली. मेहताबनं दिशाला बोलावून घेतलं. खाण्यासाठी चोथा ताजा असतानाच धुऊन, यंत्रात वाळवावा लागतो, गोठ्यातला माणसानं खाऊ नये, असं तिनं स्वतः येऊन सांगितलं. मग मेहताब एकेका गोठ्यावर गेला आणि आधी जे बोललो ते चुकीचं होतं, हे कबूल करून आला. काहींनी ऐकलं. काहींना वाटलं, चोथा आता महाग विकायचा असेल म्हणून हा गोष्टी फिरवतोय.

ईद झाली तेव्हा त्याचं वजन चौऱ्याण्णव होतं. पुढच्या हंगामात दिशा परत आली, या वेळी जास्त माणसं घ्यायची होती. मेहताबनं विचारलं, मला खरी मिळतील का. सांगता यायचं नाही, ती म्हणाली. राबियाकडं बघून त्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं आणि कागद पुढं ओढला. या वेळी मात्र सही करण्याआधी त्यानं दिशाकडून एकेक ओळ वाचून घेतली.