चंद्रीच्या जन्माची दुपार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. देवळात एकटा बसलो असताना मनातल्या मनातसुद्धा नाही, कारण मनात म्हटलं की ते आपल्याला ऐकू येतं. आपल्या दूध संस्थेची स्मरणिका निघते आहे आणि मला निरोप आला, ‘आबा, कमी भांडवलात गोठा कसा उभा केला ते लिहा, नव्या पोरांना उपयोग होईल.’ लिहितो. पण मग सगळं लिहितो. छापायचं तर असंच छापा. मधलं कापायचं आणि सत्कारातला हार घातलेला फोटो तेवढा ठेवायचा, हे चालणार नाही.

गोठा कसा उभा केला? तासगावला बेदाण्याच्या शेडवर मी बारा वर्षं राबलो. तिथून सुटलो तेव्हा टाकायला काढलेली हिरवी जाळी मागून आणली. चार मेढी रोवल्या, वर जाळी, जाळीवर उसाचं पाचट, खाली मुरूम. प्लॅस्टिकचं पिंप उभं चिरलं, त्याच्या दोन गव्हाणी झाल्या. पोरं हे वहीत लिहून घेतात. गव्हाण कशी केली हे सगळे विचारतात. त्या गव्हाणीला पहिली गाय कुठून आली, हे एकानंही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? — नसतं सांगितलं.

ती गाय कौसावहिनीची. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ तरुणपणीच गेला. मूलबाळ नाही. विधवा आणि वर पोट उघडलं नाही — एवढ्यावर गावानं तिची सगळी किंमत करून टाकली होती. बारशाला तिला बोलावणं यायचं ते पंगत उठल्यावर. तिचा भाऊ विट्याचा, दूर दक्षिणेत त्याचं सोनं गाळायचं दुकान. बहिणीला आधार म्हणून त्यानं एक संकरित कालवड घेऊन दिली. वहिनीकडं जनावर होतं, चारा नव्हता. माझ्याकडं विहिरीवरचा लसूणघास होता, जनावर नव्हतं. आमच्याकडं वाट्यानं जनावर देतात तसं ठरलं. कालवड मी पोसायची. ती व्याली की पहिली पाडी वहिनीची, गाय माझी. खोंड झाला तर पुढच्या वेतापर्यंत थांबायचं. कागद नाही, साक्षीदार नाही.

“आवं भावजी, तुमी हाय म्हंजी मला काय बगायचं?” एवढंच ती म्हणाली होती.

कमी भांडवल म्हणता ना? ते हे वाक्य होतं. दुसरं काहीही नव्हतं माझ्याकडं.

आता त्या दुपारकडं येतो. येतो — जरा दमानं येतो. गावात कुस्त्यांचं मैदान होतं, शिवारात चिटपाखरू नव्हतं. गाय व्यायला लागली. आधी खोंड आला. तांबडा, कपाळ कोरं. म्हटलं, झालं, आणखी एक वर्ष. वासरामागून वार पडते, ती पडायची वाट बघत बसलो, तर गाय पुन्हा कण्हायला लागली आणि पाठोपाठ पाडी आली. कपाळावर पांढरा ठिपका. पाय झाडत उभी राहिली, आचळाला लागली.

तुम्हाला वाटेल, आनंदच की, एकाला दोन! जनावरं पाळणाऱ्याला तसं वाटत नाही. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली पाडी बहुतेक वेळा वांझ निघते. आईच्या पोटातच तिची पिशवी नीट घडत नाही. हे मला माहीत होतं. शेजारच्या गोठ्यात डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितलं होतं, मी कान देऊन ऐकलं होतं. वहिनीला माहीत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ही पाडी धरायची नाही, पुढच्या वेताची वाट बघू, असं झालं असतं. गाय आणखी वर्षभर तिचीच राहिली असती. मला वर्ष थांबायचं नव्हतं. एवढंच कारण. गरिबी होती म्हणेन तर वहिनी माझ्याहून गरीब होती. मला फक्त थांबायचं नव्हतं.

खोंडाला पोत्यात घातलं, तोंड बाहेर ठेवलं, मोटारसायकलला बांधलं. डोंगराच्या पलीकडं मेंढरांचा वाडा बसला होता, तिथल्या धनगराला दिला. “आय मेली ह्याची,” असं सांगितलं. त्याच्या बायकोनं लगेच शेळी ओढून आणली आणि खोंडाच्या तोंडाला सड लावला. मी बघितलं नाही असं नाही. बघितलं आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी खरवसाचं भगुलं घेऊन वहिनीच्या दारात गेलो. पाडी झाली म्हटल्यावर ती खालीच बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, “माज्या दारात बी येकदाची लेक आली म्हणायची.” तिनं नाव ठेवलं चंद्री.

मग तीन वर्षं. बांधाबांधानं गवत कापून, डोक्यावर भारा आणून तिनं चंद्री वाढवली. अंगानं अशी भरली की वाटसरू थांबून बघायचे. पण माजावर येईना. वहिनी नवस बोलली, मोड आलेली मटकी चारली, कुणी सांगेल ते केलं. शेवटी डॉक्टर आले. मीही तिथं होतो — मला बोलावलं होतं जनावर धरायला. डॉक्टरांनी हात घालून तपासलं, हात धुतला आणि विचारलं, “मावशी, ही जन्मली तेव्हा जुळं होतं का?”

“न्हाई वं सायेब. येकलीच. भावजी हुते की तितं.” आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

पोत्याचं पाप एका दुपारचं होतं. ते त्या क्षणी उलटवता आलं असतं. डॉक्टर उभे, ती उभी, गाय उभी. मी म्हणालो, “एकलीच.”

डॉक्टर म्हणाले, “मग काही सांगता येत नाही. पिशवीच नाही हिला.”

त्यांना सांगता आलं नाही, पण गावाला आलं. नळावर, गिरणीत एकच बोलणं : बाई तशी, तिच्या हाताची गाय तशी. माझी बायको मला म्हणाली, “तिला आपल्या वासरांना हात लावू देऊ नका.” आणि मी मान हलवली. ऐकता आहात ना? मी मान हलवली. पुढं पुढं वहिनीलाच ते पटलं. माझ्या गोठ्यात गाय व्याली की ती रस्त्यापर्यंत यायची, लांबूनच विचारायची, आणि मी आत बोलावलं तर म्हणायची, “नगं भावजी. माजा हात नगं.” चंद्री म्हातारी होऊन मेली तोवर तिनंच सांभाळली. विकली नाही. त्या हातानं.

मी रोज तिला अर्धा लिटर दूध पाठवत आलो. आजही जातं. गाव म्हणतं, आबाचं मन मोठं. वहिनी तांब्या कधी मोकळा परत देत नाही. चार शेंगा तरी असतात. त्या शेंगा मी खाल्ल्या आहेत.

आज गोठ्यात बावीस दावी आहेत. पहिल्या दाव्याची गाय चोरलेली होती, हे मी माझ्या सहीनं लिहितो आहे. पोरगा म्हणतो, “आबा, तुमचं वय झालंय, कशाला उकरता?” वय झालंय, डोकं जाग्यावर आहे. आणि म्हातारा मन हलकं करतोय असं कुणी समजू नये. हलकं काही होत नाही. हे माझ्यासाठी नाहीच. ज्यांनी त्या बाईच्या हाताला नावं ठेवली त्यांतले बरेच अजून हिंडतेफिरते आहेत, स्मरणिका त्यांच्या घरी जाणार आहे. वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. हात माझा होता.

वहिनीला वाचता येत नाही. छापून आली की पहिली प्रत मी घेऊन जाईन आणि तिच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून मोठ्यानं वाचेन. मग तिनं दार लावावं, शिव्या द्याव्यात, दुधाचा तांब्या भिरकावावा — ते तिचं.

डॉक्टरसाहेब, तुमची बदली होऊन जमाना झाला. तुम्ही एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर राहिलं होतं.

जुळं होतं.