पेवाचं तोंड

प्रभूच्या कृपेची साक्ष द्या असं प्रार्थनाघरात कुणी म्हटलं, की इतकी वर्षं मी मान खाली घालून बसत आले. लोक दुखण्यातून उठल्याचं सांगतात, घर सोडून गेलेला भाऊ परतल्याचं सांगतात. माझ्या साक्षीत गेलेला माणूस परत येत नाही. कृपा झाली हे मला ठाऊक आहे, पण ती कुणाला सांगायची लाज वाटत होती. आता वय झालं, म्हणून लिहून ठेवते.

निजामाच्या राज्यातले ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. कंधारजवळच्या एका खेड्यात माझे पती शाळा चालवत आणि रविवारी प्रार्थनाही घेत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि मीही. दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता, त्यात महसुलाचा गिरदावर घरोघर फिरून सरकारच्या सक्तीच्या लेव्हीची ज्वारी नेई. आमच्या परसात जमिनीखाली धान्य साठवायचं जुनं पेव होतं. नायगावच्या माझ्या भावानं दिलेली ज्वारी मी त्यात भरली, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपलं आणि वर सरपण रचलं. घरातल्या कणगीत आम्हा दोघांना आणि लेकीला सुगीपर्यंत पुरेल एवढं वेगळं होतंच. मास्तर दोनदा म्हणाले, "देऊन टाकू. लोकं पाला खाऊन राहिलेत." मी म्हटलं, "पुढं याहून वाईट दिवस आले तर?" भांडण नको म्हणून त्यांनी विषय सोडला.

खरं सांगायचं तर मला वाईट दिवसांची भीती नव्हती, सोन्याची हाव होती. आमच्या घराण्यात बायकांच्या गळ्याला सोनं कधी लागलं नव्हतं. बाजाराच्या वाटेवर शेतकऱ्यांच्या बायका दिसल्या की माझी नजर त्यांच्या बोरमाळेवर जाऊन बसे, आणि प्रार्थनेत डोळे मिटले तरी मला तीच दिसे. अशात एक दिवस गिरजाबाई आली. ती वरच्या आळीतली विधवा, एरवी आमच्या ओट्यालाही न शिवणारी. म्हणाली, "दोन पायल्या ज्वारी द्या, मास्तरीणबाई. सासू लई आजारी हाय, पोटात काही न्हाई तिच्या." तिच्या गळ्यात माहेरची बोरमाळ होती. मी म्हटलं, "फुकट कुठून देऊ? ती माळ देत असाल तर बघते." तिनं माळ पदराखाली झाकली, आणि "व्हय, उद्या दुपारी आणते" म्हणून गेली.

पेव उघडलं की आत कोंडलेली विषारी हवा जावी म्हणून दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं, मग आत कंदील सोडायचा, आणि तो विझला तर उतरायचं नाही, हे आमच्याकडे लहान लेकरांनाही ठाऊक असतं. पण दिवसभर तोंड उघडं राहिलं तर गाव बघणार आणि गिरदावराच्या कानावर जाणार. म्हणून बहुतेक गाव बाजाराला गेल्यावर भर दुपारी मी मास्तरांना म्हटलं, "पटकन उतरा, दोन टोपल्या काढा, लगेच बंद करू." ते म्हणाले, "कंदील तरी सोडून बघू." मी म्हटलं, "तेवढा वेळ नाही." माझं ऐकून ते उतरले. मी हाक मारली, पुन्हा मारली. आतून उत्तर आलं नाही.

मी पाय आत सोडले, तेवढ्यात कुणीतरी माझी वेणी धरून मला मागं ओढलं. गिरजाबाई होती, ठरल्याप्रमाणे माळ घेऊन आलेली. मी तिला बोचकारलं, नको ते बोलले. ती माझ्या अंगावर बसून राहिली. "माझा मालक असाच गेला," ती म्हणाली. "त्येच्या मागं दीर उतरला, त्योबी गेला. तुमी दोगंबी गेल्यावर ह्या लेकराला कोन हाय?" ओट्यावर आमची दोन वर्षांची मुलगी बसली होती. गिरजाबाईच्या ओरडण्यानं जवळच्या शेतातली माणसं धावली. घोंगड्यानं पेवात वारा घालून, दोर बांधून त्यांनी मास्तरांना वर काढलं. ते कधीच गेले होते.

संध्याकाळी त्यांना माती दिली. आमची चूल पेटली नाही. तेव्हा गिरजाबाई पदराखाली अर्धी भाकर घेऊन आली. तीत पिठापेक्षा कोंडा जास्त होता. "अर्धी सासूला ठेवली," ती म्हणाली, आणि माझ्या लेकीला भरवून उरलेला घास तिनं माझ्या तोंडात घातला. पेवभर ज्वारीची मालकीण मी, आणि जिला काल लुबाडायला निघाले होते तिचा घास खात होते. मी तिथंच रडले.

दुसऱ्या दिवशी पेव पूर्ण मोकळं करून ज्याला गरज त्यानं न्यावं असं मी सांगितलं, आणि गिरजाबाईच्या घरी आधी पोचवलं. तिची बोरमाळ परसातल्या मातीत पडली होती. हातात घेतली तर किती हलकी होती. मी ती तिच्या गळ्यात बांधली.

प्रभूनं मास्तरांना का वाचवलं नाही, हे मी त्याला पुष्कळदा विचारलं. माझ्या लेकीला त्यानं आईविना होऊ दिलं नाही आणि त्यासाठी मी जिला लुबाडणार होते तिचाच हात धाडला, एवढंच मला कळतं, आणि त्यासाठी मी रोज त्याचे उपकार मानते. आजच्या भाकरीपुरतं मागायची प्रार्थना मास्तर सगळ्यांना शिकवत. पेवाचं तोंड लिंपून मीही ती त्यांच्या मागून म्हणत असे. आता माझ्या मडक्यात आठवड्याचं पीठ असतं. सातव्या दिवशी हात तळाला लागला की अजूनही भीती वाटते. मग मी मडक्यावर झाकण ठेवत नाही, आणि म्हणते, प्रभू, उद्याचं तुझ्याकडे.