तीस हजार एकतीस

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. शहापूरच्या एका शाळेत मी नुकतीच नववीला गणित शिकवायला लागले होते. मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशी संख्या, हा माझा आवडता धडा. शनिवारी मी फळ्यावर मांडलं: दोन गुणिले तीन, वर एक मिळवला, सात. मूळ. पाचनेही गुणलं, एक मिळवला, एकतीस. मूळ. तसंच पुढे दोनशे अकरा, तेवीसशे अकरा. सगळ्या मूळ. तेरापर्यंत गेले तेव्हा आले तीस हजार एकतीस.

"हीसुद्धा मूळच," मी ठणकावून सांगितलं. "दोनपासून तेरापर्यंत कोणत्याही मूळ संख्येनं भागा, एक उरणारच."

रविवारी दुपारी भंडाऱ्याला घरी हे मोठ्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, हौसेनं सांगितलं. ती चौथी शिकलेली; पण जन्म हातमागावर गेलेला. लुगड्याच्या किनारीत नक्षी सारखी बसेल की धागे उरतील, हे ती तोंडी सांगायची.

"अन् सतरानं भागून पायलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"काहून?"

तिनं पाटी घेतली. सतरानं नऊ उरले, एकोणीसनं अकरा. मी हसत चहा टाकला. चहा निवला तरी तिचं चालूच. त्रेपन्ननं तेहतीस उरले. मग एकोणसाठ लावले आणि ती थबकली.

"बाई व, कायीच नाही उरून राहिलं!"

पाचशे नऊ वेळा एकोणसाठ. मी तीनदा गुणून पाहिलं. बरोबर. मग तो एक गेला कुठे?

"माया भागाकार चुकला का?" तिनं विचारलं.

"नाही. माझंच काहीतरी चुकलं, पण काय ते समजत नाही."

दिवेलागणीला जरासं उमगलं. मी ज्या सहा संख्या गुणल्या, त्यांच्यापुरताच तो एक उरत होता. एकोणसाठ त्यांत नव्हतीच. पण मग आधीच्या चारही मूळ कशा निघाल्या?

"निघाल्या तर निघाल्या," मोठी आई म्हणाली.

सोमवारी वर्गात चूक कबूल केली. बाईंची चूक काकूनं काढली म्हणून मुलं खूश. पण मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग याच्या पुढची मूळ हाय का नाही?"

"मला माहीत नाही. भागून पाहू."

सतरानेही गुणून एक मिळवला: पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. सगळे भिडले. एकोणीसनंच भाग गेला. मुलं ओरडली आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. कधी मूळ, कधी नाही. याला काही धरबंध असेल तर तो मला दिसत नव्हता. अजूनही दिसलेला नाही.