शेवटच्या तुळईवरची मोकळी जागा

माझा थोरला भाऊ थॅड ग्रोचाक जन्मभर शिकागोच्या उंच इमारतींचं लोखंड चढवत आला आणि जन्मभर न्यूयॉर्कला शिव्या घालत आला.

"लॉरेटा, लॉस एंजेलिस म्हणजे नुसता रस्ता. ह्यूस्टन म्हणजे काचेची कपाटं. आणि न्यूयॉर्क? दाढीचे खुंट, एकाला एक चिकटून! आमच्या इमारतींमधून तळं दिसतं, वारा येतो. तिकडे कचरा ठेवायला मागची गल्लीसुद्धा नाही."

रोज जेवताना हेच. वहिनी या बडबडीला कंटाळूनच देवाघरी गेली असं माझं ठाम मत आहे.

त्यात त्याचा एकुलता एक मुलगा रसेल, तोही लोखंडकामातलाच, न्यूयॉर्कला कामाला गेला. थॅडने त्याचा फोन घेणंच सोडलं.

मग रसेल बांधत होता त्या इमारतीची सगळ्यात वरची, शेवटची लोखंडी तुळई चढायची वेळ आली. ती आधी खाली पांढरी रंगवतात, कामगार आणि घरचे तिच्यावर सह्या करतात, मग महिना कुठलाही असो, रिवाज म्हणून ख्रिसमसचं झाड बांधून ती वर चढवतात. रसेलने मला फोन केला. "आत्या, बाबांना आण. माझ्या नावाशेजारी जागा ठेवलीय. त्यांनी सही केली की मला बाकी काही नको."

मी थॅडला अक्षरशः ओढत नेलं. तो मान वर करून म्हणाला, "ही इमारत की पेन्सिल?"

"बाबा, सही करा ना," म्हणत रसेलने मार्कर पुढे केला.

त्या मोकळ्या जागेत थॅडने लिहिलं, 'शिकागोत ही कुणी बांधली नसती.' खाली नाव नाही. कामगार हसले, रसेल हसला नाही. तो वर गेला आणि तुळईचे बोल्ट त्यानेच आवळले. परतताना थॅड खुशीत होता. "कशी जिरवली!" मला त्याचा तिथल्या तिथे गळा दाबावासा वाटला.

त्यानंतर रसेलचा मलासुद्धा फोन आलाच नाही. ख्रिसमसलासुद्धा नाही. तेव्हा कुठे थॅडचं धाबं दणाणलं. "तूच विचार त्याला. आता तुळईवर आगरोधक लेप बसला असेल. लिहिलेलं कुणाला दिसतंय? मग एवढा राग कसला?"

मी फोन करून विचारलं. रसेल म्हणाला, "आत्या, बोल्ट आवळताना ते माझ्या तोंडासमोर होतं."

थॅड दारातच उभा होता. "काय म्हणाला गं?"

मी एक अक्षर न गाळता सांगितलं.