दोन पाटे कमी

बंगळूरमधल्या बनशंकरीच्या त्या गॅरेजात आम्ही जुन्या जीपवाले जमायचो ते गाडी उंच आणि दणकट करून घ्यायला. नव्वदच्या दशकातली ती आमची हौस. एका रविवारी एक बाई उलटंच काम घेऊन आल्या. पन्नाशीच्या, पदर कमरेला खोचलेला. वाकून त्यांनी मागच्या ॲक्सलवरच्या, पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगला बोट लावलं.

“अण्णा, यातले दोन पाटे काढा. गाडी मऊ हवी.”

मेकॅनिक बेळगावचा. तो मराठीतच म्हणाला, “अक्का, मग चार माणसं बसली की गाडी दबेल.”

“बसणार आम्ही दोघंच. यांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, धक्के नकोत. हे म्हणतात, जंगलात जायचंय. मी दोघांचंही ऐकणार.”

पाटे निघाले, नवे शॉक ॲब्सॉर्बर बसले. मेकॅनिकला गाडी चालवायला लावून त्या शेजारी डोळे मिटून बसल्या. परतल्यावर म्हणाल्या, “मागून अजून स्वल्प उडतेय.” पुन्हा काम झालं. दुसऱ्या फेरीनंतर उतरल्या आणि कानडीत म्हणाल्या, “सरी.” म्हणजे ठीक.

पुढच्या रविवारी नट आवळून घ्यायला आल्या, तेव्हा शेजारी यजमान होते. त्यांनी समोरचा दांडा घट्ट धरला होता. काम होताच बाईंनी जीप सरळ रस्त्यावरच्या मोठ्या खड्ड्यात घातली. गाडी संथ डुलली आणि वर आली.

यजमानांनी दांडा सोडला.

“परत एकदा,” ते म्हणाले.

बाईंनी हसत रिव्हर्स टाकला.