दगडी घराची खिडकी

नाशिकच्या माझ्या भागीदाराने, शेठने, खिडकीबाबांना फसवलं. आणि माझ्या तोंडून फसवलं.

बाबा पेठकडच्या डोंगरातले. बंद जागेत बसत नसत. माझ्या गाडीत शिरले की आधी काच खाली करायचे. एसी लावला तर म्हणायचे, "मेल्यावर बी आम्ही कोंडून राहत नाय, तू जित्याला कोंडतोस व्हय?"

यामागे गावाबाहेरच्या माळावरचं दगडी घर होतं. चार उभ्या शिळा, वर एक आडवी, आणि पूर्वेच्या शिळेला हात जाईल एवढं भोक. नवा भात निघाला की वर्षभरात गेलेल्यांचा पहिला घास त्या भोकातून आत ठेवायचा. तोवर गावात कुणी नवा तांदूळ शिजवत नाही. घास ठेवायचा मान बाबांच्या घराण्याचा. एकदा एक अभ्यासक बाई आल्या, म्हणाल्या, "महापाषाणयुगातलं थडगं असावं." बाबा हसले. "थडग्याला खिडकी कशाला लागंल, बाई?"

तो माळ शेठने रिसॉर्टसाठी घेतला. रस्ता गावातून न्यायचा, तर गाव ज्यांचं ऐकतं त्या बाबांचा होकार हवा. तो मिळवायला मी गेलो. घोटीच्या बाजारात पोती उचलता उचलता मी घासाघीस शिकलोय. समोरच्याला काय हवं ते मला आधी कळतं. बाबांना पैसा नको होता. "दगडांना हात लावायचा नाय. येवढंच लिही." मी लिहिलं, सही केली. सौदा स्वस्तात पटला म्हणून मनातून खूशही झालो.

शेठने दगडांना हात लावलाच नाही. भोवती दहा फुटी भिंत बांधली आणि फाटकाला कुलूप घातलं. आत जायची वाट मी कागदात लिहिलीच नव्हती. जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासणारा मी! भांडलो, फाटकावर लाथा घातल्या. शेठ म्हणाला, "कागद काढा. सही तुमचीच आहे ना?"

बाबा शिव्या देतील, अशी तयारी करून गेलो. ते म्हणाले, "पोरा, तुलाबी आतच घातलं की रं त्यानं."

बाबा श्रावणात गेले. आता नवा भात निघालाय. त्यांची लेक रोज बापाच्या घासाचा मूठभर नवा तांदूळ घेऊन फाटकावर येते आणि रखवालदार तिला परत पाठवतो. अख्खं गाव जुन्या तांदळावर थांबलंय.

शेठ, तुम्ही माझा फोन उचलत नाही. कागद माझा, त्याची लाज मी घेईन. पण कुलूप तुमचं आहे. फाटकावर या आणि त्या बाईला तोंडावर सांगा, तिचा बाप किती दिवस उपाशी ठेवायचा?